नवीन राउटर बसवल्यानंतर घरातील स्मार्ट उपकरणे पुन्हा जोडण्याबाबत

जुळे_सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी नुकतीच इंटरनेटची कंपनी बदलली असून नव्या कंपनीच्या माणसाने फायबरसोबत त्यांचा राउटर बसवून दिला आहे. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही लगेच सुरू झाले. मात्र चार बल्ब, गीझरचा प्लग, एसीचा स्मार्ट रिमोट, अलेक्साचा स्पीकर आणि हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीचा स्मार्ट स्विच ही सर्व उपकरणे अ‍ॅपमध्ये ऑफलाइन दिसत आहेत.

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथील वाचकांना सांगायला नको. वरची टाकी भरण्यासाठी मोटार ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी बंद व्हावी, असे वेळापत्रक मी बरीच खटपट करून बसवले होते आणि ते पुसले जाऊ नये अशी माझी फार इच्छा आहे. शिवाय सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने रात्री उठताना त्या अलेक्साला सांगून बोळातील दिवा लावतात. सध्या त्यांना भिंतीच्या आधाराने अंधारात बटणापर्यंत जावे लागते, याची मला अधिक काळजी वाटते.

गीझरचा प्लग जोडून पाहिला. बटण दाबून धरल्यावर त्यावरचा निळा दिवा भराभर लुकलुकू लागला, अ‍ॅपमधील टक्केवारी शंभराच्या जवळ गेली आणि शेवटी ‘उपकरण सापडले नाही’ असा संदेश आला. प्रत्येक उपकरण असेच नव्याने जोडावे लागेल का, आणि तसे केल्यास वेळापत्रके राहतील का? नवीन राउटर वायफायचे एकच नाव दाखवतो; जुन्या राउटरची दोन नावे दिसत असत. जुना राउटर अजून घरातच आहे, तो कंपनीला परत करायचा आहे.

तांत्रिक_सातरस्ता

ताई, उरलेल्या कोणत्याही उपकरणाचे बटण कृपया आता दाबून धरू नका. उपकरणे नवीन राउटरला जोडण्यापेक्षा नवीन राउटरलाच जुन्याचे नाव देणे केव्हाही सोपे असते.

बल्ब असो वा प्लग, त्याच्या स्मृतीत राउटर कोणत्या कंपनीचा आहे हे लिहिलेले नसते. वायफायचे नाव आणि पासवर्ड एवढेच तेथे साठवलेले असते. वीज मिळताच उपकरण ते नाव हवेत शोधते, सापडले की पासवर्ड देते आणि आत शिरते. म्हणून नवीन राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायला तंतोतंत जुने नाव आणि जुना पासवर्ड द्या. नावातील एक अक्षर जरी कॅपिटलऐवजी स्मॉल झाले किंवा शब्दांमधली मोकळी जागा राहून गेली, तरी उपकरणांच्या दृष्टीने ते निराळे वायफाय ठरते. जुन्या राउटरला दोन नावे होती, त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचे (म्हणजे त्या वारंवारतेच्या रेडिओलहरींचे) नाव घ्या, कारण घरगुती बल्ब आणि प्लग बहुतेक त्याच पट्ट्यावर चालतात. ५ गिगाहर्ट्‌झचे जाळे त्यांना दिसतच नाही. पासवर्ड आठवत नसेल, तर जुना राउटर नुसता विजेवर लावून त्याला फोन जोडा. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमधील ‘शेअर’ दाबून बोटाचा ठसा दिला की क्यूआर कोड दिसतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याच्या खालीच पासवर्डही लिहिलेला असतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेच्या प्रकाराची, म्हणजे वायफायवरची माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीची आहे. नव्या राउटरमध्ये कित्येकदा डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय आधीच निवडलेला असतो. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही अनेक स्वस्त उपकरणांना तो समजत नाही, आणि काही उपकरणे मिश्र पर्यायालाही अडखळतात. त्यामुळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी डब्ल्यूपीए२-पर्सनल, एईएस हा पर्याय निवडा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी सोय, जिला कोठे ‘स्मार्ट कनेक्ट’ तर कोठे ‘बँड स्टीअरिंग’ म्हणतात, ती बंद करून ५ गिगाहर्ट्‌झला वेगळे नाव द्या.

हे झाल्यावर जुना राउटर पूर्णपणे बंद करा, कारण एकाच नावाची दोन जाळी घरात चालू राहिली तर इंटरनेट नसलेल्या जाळ्यालाच उपकरणे चिकटून बसतात. मग बल्ब आणि प्लगची वीज एकदा बंद करून पुन्हा सुरू करा आणि थोडा वेळ वाट पाहा.

विजापूर_रस्ता

वरील सल्ला योग्यच आहे. तथापि गीझरच्या प्लगचे बटण दाबून धरलेले असल्याने तो जुने नाव विसरलेला असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तेवढा एक मात्र नव्याने जोडावाच लागेल. तो जोडताना अ‍ॅपमधून आधी काढून टाकू नका. त्याच खात्यातून, जुनी नोंद तशीच ठेवून जोडला तर नाव आणि वेळापत्रक सहसा टिकून राहते. नोंद पुसली तर वेळापत्रक जाते आणि अलेक्सामध्येही तो प्लग मृत नोंद म्हणून उरतो, मग तेथील रुटीन (आपोआप चालणाऱ्या ठरलेल्या आज्ञा) पुन्हा लिहावे लागतात.

जोडण्याच्या वेळी फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या नावालाच जोडलेला असावा, लोकेशन आणि ब्लूटूथ सुरू असावे, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे अ‍ॅप) बंद असावे. भराभर लुकलुकण्याच्या पद्धतीने काम झाले नाही, तर बटण पुन्हा दाबून दिवा सावकाश लुकलुकू द्या. या दुसऱ्या पद्धतीत प्लग स्वतःच एक छोटे वायफाय तयार करतो आणि फोन त्याला थेट जोडावा लागतो. त्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे फोन आपण होऊन मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी तुटते. म्हणून तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. जुना पासवर्ड शेजारीपाजारी आणि पाहुण्यांना देऊन झालेला असतो. राउटर बदलणे ही तो बदलण्याची चांगली संधी आहे आणि त्यासाठी थोडा त्रास सोसायला हरकत नाही.

तांत्रिक_सातरस्ता

आपली काळजी रास्त आहे, परंतु ज्या घरात वयस्कर व्यक्ती रात्रीच्या दिव्यासाठी या जोडणीवर विसंबून आहे, तेथे आधी सर्व काही पूर्ववत करावे आणि पासवर्ड नंतर सवडीने बदलावा, असे मला वाटते. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे ‘गेस्ट’ वायफाय सुरू करता येते. बल्ब आणि प्लग मात्र त्या गेस्ट वायफायवर टाकू नयेत, कारण तेथे उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात आणि फोनवरून जोडणी करताना ती सापडत नाहीत.

जुळे_सोलापूर

आपणा दोघांचे मनापासून आभार. नाव, पासवर्ड आणि डब्ल्यूपीए२ एवढे बदलताच तीन बल्ब, एसीचा रिमोट, स्पीकर आणि मोटारीचा स्विच आपोआप परत आले, आणि मोटारीचे वेळापत्रक जसेच्या तसे आहे. गीझरचा प्लग सावकाश लुकलुकण्याच्या पद्धतीने जोडला गेला. दोन अडचणी उरल्या आहेत. बोळाच्या टोकाचा, म्हणजे नेमका सासूबाईंचा, बल्ब जोडला जातो पण अधूनमधून तुटतो. दुसरे म्हणजे दारावरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) तारेने राउटरला जोडलेला असूनही फोनवर चित्र दिसत नाही. त्याच्याच मॉनिटरवर मात्र चित्र येते. तो वायफायवर नसतानाही त्याला काय झाले असावे?

तांत्रिक_सातरस्ता

डीव्हीआर बसवणारे लोक त्याला बहुधा घरच्या जाळ्यातील कायमचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) देऊन ठेवतात. समजा जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि डीव्हीआरला १९२.१६८.१.१०० दिला होता. नवीन राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ अशा पत्त्यावर असेल, तर डीव्हीआर अजूनही जुन्याच राउटरला हाक मारत बसतो आणि त्याचे चित्र बाहेर पोहोचत नाही. यावर दोन उपाय आहेत. डीव्हीआरच्या मॉनिटरवर नेटवर्कच्या पानात जाऊन डीएचसीपी सुरू करावे, म्हणजे तो नवीन राउटरकडून स्वतःच पत्ता घेईल. नाहीतर नवीन राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता बदलून जुन्याप्रमाणे करावा. कायमचा पत्ता दिलेला प्रिंटर वगैरे घरात असेल, तर दुसरा उपाय एका फटक्यात सर्वांचे काम करतो.

बल्बच्या बाबतीत प्रथम राउटर कोठे ठेवला आहे ते पाहा. कंपनीचे लोक तार जेथून आत येते तेथेच, अनेकदा टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाजवळ, राउटर टांगून जातात. तो उंचावर, मोकळ्या जागी आणि शक्यतो घराच्या मध्यभागी असावा. नंतर २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनल (पट्ट्यातील ठरावीक भाग) ‘ऑटो’वर न सोडता १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल वापरता येतात, परंतु परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही उपकरणांना १२ आणि १३ दिसत नाहीत. ‘ऑटो’वर असलेला राउटर त्या चॅनलवर सरकला की बल्ब हरवल्यासारखा होतो.

वायरमन_अशोकचौक

वायफायबद्दल वर जाणकारांनी सांगितलेच आहे. मी विजेची कामे करतो, म्हणून मोटार आणि गीझरविषयी लिहितो.

पाण्याची मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक करंट ओढते. तो सगळा भार स्मार्ट स्विचमधल्या लहानशा रिलेवर (विजेवर चालणाऱ्या आतल्या बटणावर) पडला, तर कधीतरी त्याचे कॉन्टॅक्ट (जोडणाऱ्या पट्ट्या) चिकटतात. मग अ‍ॅपमध्ये मोटार बंद दिसते आणि प्रत्यक्षात चालूच असते. हौद कोरडा झाल्यावरही ती फिरत राहिली तर जळते. म्हणून स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या वेगळ्या स्विचची) कॉइल चालवावी आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा, अशी जोडणी असली पाहिजे. आपली तशी नसेल, तर वायरमनकडून करून घ्या.

अ‍ॅपमध्ये वीज गेल्यानंतर परत आल्यावर स्विच कोणत्या स्थितीत असावा, असा एक पर्याय बहुतेक स्विचना असतो. मोटारीसाठी तो ‘बंद’ असाच ठेवा. वीज येते तेव्हा राउटर सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात फोनवरून आपल्याला काहीच करता येत नाही. गीझर २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा.

बोळातल्या दिव्याचे भिंतीवरचे बटण चालूच राहायला हवे, नाहीतर स्मार्ट बल्बला वीजच मिळत नाही. रात्रीपुरता तेथे प्लगमध्ये बसणारा साधा सेन्सरचा दिवाही लावून ठेवा. आजींना इंटरनेट बंद असतानाही उजेड मिळेल.

जुळे_सोलापूर

डीव्हीआरचे डीएचसीपी सुरू करताच चित्र आले. राउटर टीव्हीमागून काढून वर लावला आहे आणि चॅनल ६ ठेवले आहे. वायरमनकाकांनी सांगितलेली कॉन्टॅक्टरची जोडणी आमच्याकडे नाही, ती करून घेते आणि सेन्सरचा दिवाही आणते. एक शेवटचे विचारते: जुना राउटर परत देण्यापूर्वी त्यात काही करायचे आहे का?

विजापूर_रस्ता

होय, अवश्य. आता नवीन राउटरवरही तेच नाव आणि तोच पासवर्ड असल्यामुळे जुना राउटर तसाच देणे म्हणजे घराची चावी देण्यासारखे आहे. त्यात जुन्या जोडणीचे युजरनेम आणि पासवर्डही साठवलेले असू शकतात. राउटर विजेवर असताना मागच्या बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने सुमारे दहा सेकंद, सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत, दाबून धरा. त्यानंतर फोनच्या यादीत आपल्या वायफायच्या नावाऐवजी राउटरच्या तळाशी छापलेले मूळ नाव दिसू लागले, की तो परत द्यायला हरकत नाही.