पाण्याखाली कंपासवर परत येताना नांगराचा दोर हुकतो : सल्ला हवा

सागरतळ:
मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करतो, तिथे व्हिजिबिलिटी (पाण्यात जेवढं लांब दिसतं ते अंतर) जेमतेम 3-4 मीटर असते. 60 मीटर सरळ जायचं, 180 अंशांत वळून परत यायचं, एवढाच सराव. तरी सुरुवातीची जागा, म्हणजे बोटीच्या नांगराचा दोर, 10-12 मीटरने हुकतो. कंपास बदलावा का? मनगटावरचा बरा की रिट्रॅक्टरचा (आपोआप गुंडाळणाऱ्या दोरीला टांगलेला)?

निळाई:
कंपास बदलण्याआधी धरण्याची पद्धत तपासा. काचेवरची लबर लाइन (जायची दिशा दाखवणारी पक्की रेष) आणि अंगाची मधली रेषा एकाच दिशेला हवी. मनगटावरचा असेल तर रिकामा हात सरळ पुढे काढायचा आणि कंपासच्या हाताने त्याचं कोपर पकडायचं. रिट्रॅक्टरचा दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना टेकवून. चांगलं धरता आलं तर दोन्ही सारखेच.

हेडिंग (जायची दिशा) लावताना लबर लाइन लक्ष्याकडे करा, सुई थांबू द्या, मग बेझल (काचेभोवतीची फिरती कडी) फिरवून तिच्यावरच्या दोन खाचा सुईच्या उत्तर टोकाशी आणा. त्यानंतर बेझलला हात नाही. परतताना आख्खं अंग वळवायचं, उत्तर टोक बेझलवरच्या समोरच्या खुणेवर येईपर्यंत. बरेच जण पाण्यात पुन्हा बेझल फिरवतात आणि तिथेच घोळ होतो.

आणखी एक, कंपास तिरका झाला की आतली तबकडी (सुईची फिरती चकती) काचेला घासून अडकते आणि वाचन अगदी स्थिर दिसतं. त्या स्थिरपणावर भरवसा ठेवू नका. अंग 15 अंश डावी-उजवीकडे वळवून बघा, तबकडी उत्तरेलाच राहिली तर ठीक.

दर्याराज:
निळाईंचा सल्ला योग्य आहे, पण या केसमध्ये दोष दुसरीकडे दिसतो. धरण्यातली चूक जाता-येता सारखीच असेल तर दोन्ही रेषा तेवढ्याच कोनाने फिरतात आणि माणूस सुरुवातीच्या जागीच येतो. उरतात दोन संशयित : वळण आणि करंट (पाण्याचा प्रवाह).

वळताना 180 ऐवजी 170 अंश झाले तर 60 मीटरवर 10 मीटर गेलेच. आडवा करंट मात्र जाताना आणि येताना एकाच बाजूला ढकलतो, चूक दुप्पट होते. मिनिटाला 15 मीटर वेगाने जाऊन-येऊन 8 मिनिटं लागतात. मिनिटाला दीड मीटरचा करंट, जो अंगाला जाणवतही नाही, तेवढ्यात 12 मीटर सरकवतो! दोर दर वेळी एकाच बाजूला हुकत असेल, समजा नेहमी उत्तरेला, तर करंटच. कधी इकडे कधी तिकडे, तर वळण.

तळाशी एक मिनिट दगडाजवळ स्थिर राहून पाण्यातले कण किती सरकतात ते बघा. वरच्या उदाहरणात करंटच्या उलट बाजूला सुमारे 6 अंश हेडिंग ठेवलं की भागतं.

अंतर किक (पाय मारण्याची संख्या) मोजून ठरवा. 30 मीटर दोर टाकून दोन्ही दिशांनी मोजा, सरासरी घ्या. आणि सतत कंपासकडे बघू नका. रेषेवरचा एखादा दगड पकडा, तिथवर जा, मग पुढचा.

निळाई:
हे पटलं. चुंबकाचं बटण असलेली टॉर्च, स्टीलची टाकी आणि बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) कंपास हातभर लांब ठेवा. गोव्यातल्या ग्रांड आयलंडच्या सुझीज रेकसारख्या बुडालेल्या लोखंडी बोटीजवळ वाचन धरूच नका. बडीसोबत असताना एकाकडे कंपास, दुसऱ्याकडे किकची मोजणी, खोली आणि दोघांची हवा. कंपासवाल्याचं लक्ष सुईवर अडकतं आणि खोली नकळत बदलते.