हिशेबाचा तक्ता कुणाला दिसतोय का?

बी-३०१: सचिवसाहेब, वर्षाचा हिशेब पाठवलात, आभार. पण हा १४ रकान्यांचा आडवा तक्ता मोबाईलवर वाचायचा कसा? मोठा केला की मथळा पळतो, लहान केला की आकड्यांच्या मुंग्या.

सचिव: नमस्कार. माझ्याकडे व्यवस्थित दिसतोय.

बी-३०१: तुमच्याकडे टॅब आहे म्हणून.

सी-१०२: हिशेब साध्या मेसेजमध्ये टाका. एवढंच.

ए-२०४: गणित साधं आहे. आडवं ए-फोर पान २९.७ सेंमी रुंद, उभा फोन जेमतेम ७. म्हणजे अक्षर चौथाईवर आलं. दहा इंची टॅब आडवा धरला तर २० च्या आसपास मिळतात.

डी-४०१: फोनही आडवा करा की.

बी-३०१: केला. तीन ओळी दिसल्या.

डी-४०३: टॅबवरून आठवलं, परवा गच्चीवर पहिल्या रांगेत कुणीतरी टॅब उंच धरून शूटिंग करत होतं. मागच्यांनी अख्खा नाच टॅबमध्येच पाहिला 😄

ए-१०३: ते ‘कुणीतरी’ मी. फोन चार्जिंगला होता. नाव घेऊन बोलत जा.

डी-४०३: काकू, गंमत केली हो 🙏

ए-१०३: आणि काल रात्री अकराला ग्रुपवर आलेले डायनोसोर नातवाचे. माझं व्हॉट्सअॅप टॅबलाही जोडलंय.

सी-१०२: हिशेब साध्या मेसेजमध्ये टाका.

ए-२०४: २०१० साली पहिला आयपॅड ९.७ इंची होता, तेव्हाचा आयफोन ३.५. आता फोनच फुगलेत, म्हणून टॅब कपाटात पडलेत.

बी-३०१: आमचा कपाटात नाही, ‘अभ्यासाला’ असतो. माझ्या हाती येतो तेव्हा बॅटरी २ टक्के. शिवाय त्यात सिम नाही. मेंटेनन्स टॅबवरून भरायला बसलं की ओटीपीसाठी फोन शोधा.

डी-४०१: भरायला बसलं तर ना. तक्ता न दिसणाऱ्यांना थकबाकीचा रकानाही दिसला नसेल.

बी-३०१: रोख कुणावर आहे?

डी-४०१: कुणावरच नाही. जनरल बोललो.

सचिव: वैयक्तिक नको, विनंती. उभी प्रत टाकतोय, चार पानी, मोठ्या अक्षरात.

सी-१०२: साध्या मेसेजमध्ये का नाही?

बी-३०१: आता स्वच्छ दिसलं. माझी थकबाकी शून्य आहे, डी-४०१ यांनी पाहून घ्यावं. आणि सचिवसाहेब, लिफ्ट दुरुस्ती पान २ वर आणि पान ४ वरही कशी?

सचिव: बघून सांगतो. टॅब आत्ता मिसेसकडे आहे, फोनवर नीट दिसत नाहीये.