मदत हवी आहे : कसब्याच्या आमदारांचा तक्ता आणि जुन्या हद्दी

नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या मंडळासाठी पुण्यातल्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाच्या आमदारांचा तक्ता करतोय. अलीकडचं सोपं आहे. १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट. २०१९ ला ते खासदार झाले, मग मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले आणि २०२४ ला हेमंत रासने यांनी जागा परत भाजपकडे नेली. (त्या पोटनिवडणुकीत आमच्या वाड्यात दोन भाऊ महिनाभर बोलत नव्हते!)

अडलंय ते मागे आणि हद्दींपाशी. २००९ ची निवडणूक नव्या पुनर्रचनेवर (म्हणजे मतदारसंघांच्या नव्याने आखलेल्या हद्दींवर) झाली, भवानी पेठ मतदारसंघच गेला. मग त्यातला कुठला भाग कसब्यात आला? निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत उमेदवार, पक्ष, मतं मिळतात, पण गल्ल्या नाहीत.

पुनर्रचनेआधीचा नकाशा किंवा जुनी मतदारयादी कुणाकडे आहे का? ऐंशीच्या दशकात कसब्यात मतदान केलेल्या काका-आजोबांना विचारून तुमचं केंद्र कुठल्या शाळेत होतं तेवढं कळवलंत तरी चालेल. गणपतीच्या आधी तक्ता लावायचाय.