साडीवर हसायचं की सोंगावर?
"साडी नेसलेला पुरुष दिसला की हसू येणारच, त्यात अपमान कसला?" असं साडी नेसून 'मालवणी आवस' (आई) साकारणाऱ्या पुरुषांच्या रीलबद्दल कोणीतरी म्हटलंय. आमच्या सिंधुदुर्गात जत्रेला रात्रभर दशावतार हे लोकनाट्य चालतं. स्त्रीपात्रं परंपरेने पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात. हरिश्चंद्राची राणी तारामती पुत्रशोक करू लागली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसतात. साडीवर हसत कोणीच नाही. (संकासुर हा विनोदी राक्षस आला की हसतात, पोट धरून.) रीलमधली 'मालवणी आवस' मात्र कमरेवर हात ठेवून नुसती किंचाळते. साडी नि कर्कश आवाज वजा केला तर उरतं काय? दशावतारातल्या बायकाही बहुतेक पतिव्रताच, एकाच साच्यातल्या, हे मान्य. पण माझी आवस मासळीच्या लिलावात ज्या थंड डोक्याने भाव पाडते, ती बाई मला रीलमध्ये अजून दिसलेली नाही.