सापा फिरायला डिसेंबर नको

डिसेंबरात व्हिएतनाममधल्या सापा या डोंगरातल्या गावी गेलं तर टप्प्याटप्प्यांची भातशेती दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, डिसेंबर टाळा. सापा साधारण १५०० मीटरवर आहे, थंडीमुळे तिथे भाताचं वर्षाला एकच पीक निघतं. सप्टेंबरात कापणी होते, मग उरतात खुंटं आणि दाट धुकं. पिवळीधमक खाचरं हवीत तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठा. मी मेअखेरीस गेले होते, लावणीच्या दिवसांत. खाचरं पाण्याने काठोकाठ भरलेली, एकेका तुकड्यात ढग सरकताना दिसत होते.

हनोईहून रात्रीच्या रेल्वेने ‘लाओ काय’ या शहरापर्यंत, पुढे बस. मुक्काम मात्र सापा गावात नको, तिथे हॉटेलंच हॉटेलं झालीत. मुओंग होआ खोऱ्यात उतरा: ह्मोंग लोकांचं लाओ चाय हे गाव, पुढे ज्याय लोकांचं ता वान, तिथे कुणाच्या तरी घरीच राहा. आमच्या वाटाड्या ह्मोंग ताईंचे हात मनगटापर्यंत निळे होते, नीळ घालून कापड रंगवल्यामुळे. खरेदी अशा बायकांकडूनच करा. लहान मुलांकडून कृपया काहीच घेऊ नका, विक्री होते म्हणून त्यांची शाळा बुडते.