मार्क रायडन : व्यावसायिक चित्रकार ते पॉप सररिॲलिझम

प्रश्न (शाईदौत)

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क रायडन या अमेरिकी चित्रकाराला पॉप सररिॲलिझमचा, म्हणजे लोकप्रिय संस्कृतीतल्या प्रतिमा स्वप्नवत रीतीने रंगवणाऱ्या शैलीचा, अध्वर्यू मानले जाते. परंतु त्याने सुमारे दहा वर्षे रेकॉर्ड कंपन्या आणि प्रकाशकांसाठी मागणीबरहुकूम कामे केली, आणि त्याच वेळी त्याचे नाव आंग्र, बूगरो अशा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकारांशी जोडले जाते. या दोन्हींचा मेळ मला लागत नाही. हे प्रभाव चित्रात नेमके कोठे दिसतात? आणि व्यावसायिक काम सोडल्यावर त्याची चित्रे बदलली, की तीच चित्रे गॅलरीत लागू लागली?

कोरा_कॅनव्हास

मायकेल जॅक्सनच्या १९९१ सालच्या 'डेंजरस' या अल्बमचे कव्हर मोठे करून पाहावे. ते रायडनचेच आहे. मधोमध मुखवट्याआडून पाहणारे जॅक्सनचे डोळे आहेत आणि एका बाजूला राजवस्त्रे ल्यालेला कुत्रा सिंहासनावर बसला आहे. या कुत्र्याची बैठक, त्याचा झगा आणि एकंदर थाट आंग्रने १८०६ मध्ये रंगवलेल्या सिंहासनस्थ नेपोलियनवरून सरळ उचललेला आहे. शिवाय सर्कशीच्या जाहिरातींतली सजावट आणि बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांतून आल्यासारख्या लहानलहान आकृती तेथे दाटीवाटीने भरल्या आहेत. म्हणजे पुढे गॅलरीत जे दिसले त्याची जुळवाजुळव कंपनीच्या पैशांवर आधीच सुरू झाली होती. मागणीबरहुकूम काम म्हणजे निव्वळ हमाली, असे मानणाऱ्यांनी हे कव्हर जरूर पाहावे.

तैलगंध

वरील मुद्दा मान्य आहे. मात्र गॅलरीची वाट त्याच्यासाठी कोणी मोकळी केली, हेही सांगायला हवे. रायडनचा जन्म १९६३ मध्ये ओरेगॉनमधील मेडफर्डचा. तो वाढला दक्षिण कॅलिफोर्नियात आणि १९८७ मध्ये पासाडिनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमधून बाहेर पडला. त्या काळी लॉस एंजेलिसच्या परिसरात कॉमिक्स, सजवलेल्या मोटारी आणि टॅटू यांवर पोसलेली एक चित्रपरंपरा होती, जिला संग्रहालये दारात उभीही करत नसत. सजवलेल्या मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या एड रॉथच्या स्टुडिओत काम केलेल्या चित्रकार रॉबर्ट विल्यम्सने १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह 'जक्स्टापोज' हे मासिक काढले आणि अशा चित्रकारांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. रायडनचे पहिले एकल प्रदर्शन, 'द मीट शो', १९९८ मध्ये पासाडिनातच भरले.

बदलले ते विषय. कव्हरवर जे कधी चालले नसते ते, म्हणजे कच्चे मांस, आता मध्यभागी आले. पुढे २००९ च्या 'इन्कार्नेशन'मध्ये बाहुलीसारखी निरागस मुलगी मांसाच्या तुकड्यांचा झोकदार पोशाख घालून उभी आहे. तिची त्वचा बूगरोच्या मुलींसारखी नितळ आणि मांसावरच्या चरबीच्या रेषा तितक्याच निगुतीने रंगवलेल्या. कुंचल्याने त्वचा आणि मांस या दोहोंत भेदभाव केलेला नाही. बीभत्स विषयाला ही अकादमिक सफाई दिल्यामुळेच चित्र अंगावर येते. विल्यम्सच्या चित्रांतला आरडाओरडा येथे औषधालाही नाही.

चौकटराजा

सफाईचे कौतुक मलाही आहे, पण ती मोठ्या डोळ्यांची मुलगी, मधमाश्या आणि अब्राहम लिंकन पुन्हा पुन्हा भेटू लागल्यावर तोचतोपणा जाणवतो. त्या डोळ्यांमागे १९६० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी लागलेली मार्गारेट कीनची मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रेही आहेत. समीक्षकांनी नाके मुरडलेल्या त्या गोडव्याला रायडनने कोरीव चौकटीत बसवले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी त्याचे २०१७ चे काम पाहावे. संगीतकार रिचर्ड श्ट्राउसचा १९२४ चा बॅले नृत्यरचनाकार अलेक्सेई रॅटमन्स्कीने अमेरिकन बॅले थिएटरसाठी 'व्हिप्ड क्रीम' या नावाने नव्याने बसवला, आणि नेपथ्य व वेशभूषा रायडनने केली. गोड खाऊन आजारी पडलेल्या मुलाला होणारे भास, ही त्या बॅलेची गोष्ट. संगीत, कथा आणि मुदत, सारे दुसऱ्याचे. म्हणजे पुन्हा मागणीबरहुकूम कामच. माझ्या मते त्याच्या अलीकडच्या कित्येक कॅनव्हासपेक्षा ते अधिक जिवंत उतरले आहे.