दोन काळांची कादंबरी : १८९९ ची सगुणा आणि २०१९ ची रूथ यांचा सांधा कसा जुळवू?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापूरची, शाळेत मराठी शिकवते. घर ख्रिस्ती, रविवारची उपासना आणि महिला मंडळ यांत वाढलेली. सध्या एक कादंबरी लिहितेय. तीत दोन काळ आहेत आणि दोन्हींत न जमलेला संसार आहे.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. आपल्या मंडळीत बिघडलेल्या संसाराची गोष्ट एकाच वाटेनं जाते. बायकोनं उपास केला, गुडघे टेकले, नवरा सुधारला, दोघांनी पुढे येऊन साक्ष दिली. अशा साक्षी मी ऐकल्यात आणि त्या खऱ्याही आहेत. पण जिचा नवरा सुधारला नाही, ती बाई रविवारी कुठल्या बाकावर बसते आणि तिच्याशी कोण बोलतं, हे कुणी लिहीत नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजींनी लिहिली, म्हणजे एका ख्रिस्ती माणसानंच, आणि तीही विधवांच्या हालांवर. तेव्हा बायकांचं दुःख लिहायची रीत आपल्याकडे जुनी आहे. फक्त ते दुःख दुसऱ्यांच्या घरातलं होतं. मला आपल्या घरातलं लिहायचंय.

आता कथा. पहिला काळ १८९९. सगुणाचा नवरा मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात कंपाउंडर आहे. रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं आणि कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ ची, म्हणजे त्याचं येणं-जाणं गाडीनं होऊ शकतं. तिथं तो बाप्तिस्मा घेतो. सगुणा घेत नाही आणि त्याच्याकडे नांदायलाही जात नाही. तो तिला न्यायला येतो, त्या प्रसंगातल्या या ओळी :

“तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. शेंडी गेली होती. सगुणेनं जात्याचा खुंटा सोडला नाही. पीठ पडत राहिलं. मग ती उठली, परसातला मातीचा मोगा घेतला आणि वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं, भांड्याला त्याचा हात लागणार नाही असं. तो प्याला. गेल्या वर्षापर्यंत याच हातांना ती तांब्या द्यायची.”

दुसरा काळ २०१९. रूथ परिचारिका आहे, शाहूपुरी कुंभार गल्लीजवळ राहते. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर आणि चर्चमध्ये पंच, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या सभेतला. शास्त्रपाठ वाचायला उभा राहिला की सगळं चर्च ऐकत राहतं, आणि घरात मात्र महिनोन् महिने एक शब्द बोलत नाही. मारत नाही, पीत नाही. नुसता बोलत नाही. ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर येतो, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो, तो पलीकडे अडकतो, आणि रूथ एकटी घर रिकामं करते. पाणी ओसरल्यावर पंचनामा असतो आणि घर त्याच्या नावावर, म्हणून तो येतो. भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचे फोटो काढतो आणि तिला विचारतो, “आधार कार्ड कुठाय?” कित्येक महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

माझे दोन प्रश्न. पहिला, या दोन बायकांना जोडू कशानं? पुरात भिजलेल्या पेटीत सगुणाची पत्रं सापडतात असं लिहून पाहिलं, पण तिला लिहिता येत होतं असं मला वाटत नाही. आणि मला भीती अशी की जुनी बाई नव्या बाईला ‘सोस गं’ असं शिकवायला येईल. दुसरा प्रश्न, लिहिलेलं वाचून कुणाला दाखवू? आपला समाज केवढासा. पंच म्हटलं की लोक लगेच मोजायला लागतील.

---

बावड्याचा वकील

ताई, पाणी ओतण्याचा प्रसंग काळजाला भिडला. पेटी काढून टाका.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण तुमचा सांधा मला तिथं दिसतो. १८६६ चा एक कायदा होता, नेटिव्ह कन्व्हर्ट्स मॅरेज डिसोल्यूशन अ‍ॅक्ट. हिंदू नवराबायकोंपैकी एकानं ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्या कारणानं दुसऱ्यानं सहा महिने संसार नाकारला, तर धर्मांतरित माणूस कोर्टात जाऊ शकत होता. न्यायाधीश समोरच्या जोडीदाराला स्वतः विचारायचे की तू नांदायला नाही म्हणतेस ते याच्या धर्मामुळे का. ती ठाम राहिली तर प्रकरण एक वर्ष तहकूब. त्या वर्षात दोघांची भेट घडवायची मुभा असे. वर्षानं पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तर तेच आलं तर लग्न मोडलं. मग दोघंही पुन्हा लग्न करायला मोकळे.

आता रूथकडे या. आपला घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. २००१ च्या दुरुस्तीआधी ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मागता येत नव्हता, त्याला व्यभिचाराची जोड दाखवावी लागे. नवऱ्याला मात्र एकटा व्यभिचार पुरायचा. २००१ नंतर क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्पर संमतीचं कलम १०-अ आलं. त्यात दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा कोर्टाला सांगायचं की आमचं तेच म्हणणं आहे.

म्हणजे सगुणाला एक वर्ष, रूथला सहा महिने. दोघींना तोच प्रश्न दोनदा. माझ्या अशिलांत मी पाहतो, पहिल्या तारखेला लोक रागानं बोलतात. खरं काय ते दुसऱ्या तारखेला कळतं.

एक अडचण आहे. कोल्हापूर आणि मिरज दोन्ही संस्थानं होती. कोल्हापूर तर मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. सगुणाचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात ठेवा, तो ब्रिटिश मुलूख. ती आंबा घाटानं माहेरी निघून गेली की पुढचं सगळं तिथल्या कोर्टात घडू शकतं.

आणि शेवटचं. कायद्यानं त्याला दुसरं लग्न करता येतं. केलं असणारच. रूथचा नवरा त्याचाच वंशज ठेवलात, तर त्याचं घराणं त्या दुसऱ्या बायकोपासून चालू होतं. सगुणा कुणाचीच पणजी लागत नाही.

---

राजारामपुरी_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण वाचायला आवडेल. दोन सूचना.

प्रकरणं एक जुनं, एक नवं अशी पाळीपाळीनं लावू नका. तिसऱ्या पाळीला वाचक पुढचं ओळखतो आणि त्याला जो काळ जास्त आवडतो तिकडे पानं उलटतो. रूथची सलग तीन प्रकरणं येऊ द्या. सगुणा कमी वेळा येऊ दे, पण आली की मोठं काहीतरी घडू दे.

पंच, प्रभुभोजन, शास्त्रपाठ यांचे अर्थ सांगत बसू नका. आम्हाला संदर्भानं कळतं. मागचापुढचा अर्थ लावत वाचण्यातच गोडी असते.

आणि हो, मराठी वाचक लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढणारच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या विचारानं आल्या. तुमची सगुणा येत नाही. ती का येत नाही, याचं तिचं स्वतःचं कारण भक्कम हवं. ‘लोक काय म्हणतील’ एवढं पुरणार नाही.

---

पाळकीणबाई

बाळ, माझं सगळं आयुष्य पाळकांच्या घरात गेलं. तुझं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहिते.

‘सोस गं’ची भीती तुला वाटते ते बरोबर आहे. आपल्याकडे बायबलातल्या मलाखी २:१६ चा अर्धाच भाग बायकांना ऐकवतात, देवाला सूटपत्र, म्हणजे घटस्फोट, आवडत नाही एवढाच. त्याच वचनात पुढे जुलमाबद्दलही लिहिलंय, तिथं वाचणारा थांबतो. पौलाच्या पत्रातला १ करिंथ ७ हा अध्याय नीट वाच. पौल म्हणतो, बायकोनं नवऱ्याला सोडू नये, आणि लगेच पुढे म्हणतो की वेगळी झालीच तर लग्नाविना राहावं नाहीतर समेट करावा. म्हणजे वेगळी राहणारी बाई मंडळीत असणार, हे त्याला माहीत होतं. तिला त्यानं बाहेर काढलं नाही. आणि त्याच अध्यायात १५ वं वचन आहे, विश्वास न ठेवणारा वेगळा होत असेल तर होऊ द्यावा. तुझ्या कंपाउंडरनं आणि त्याच्या मिशनऱ्यांनी याच वचनावर बोट ठेवलं असेल. ते कोर्टात जाण्याआधी त्याला किती जड गेलं तेही लिही. त्याला दुष्ट करू नकोस.

रूथनं क्षमा करावी असं मला वाटतं. पण क्षमा केली म्हणजे त्याच घरात परत जाऊन त्याच्या अबोल्यासमोर ताट वाढायचं, असं नाही. क्षमा ती एकटी करू शकते. समेटाला दोघं लागतात. एवढं तुझ्या कादंबरीतल्या पाळकसाहेबांच्या तोंडून आलं, तर किती बायकांना श्वास घेता येईल.

वाचून दाखवण्याबद्दल एकच कडक गोष्ट सांगते. महिला मंडळात बायका प्रार्थना-विनंत्या सांगतात. “माझ्या घरासाठी प्रार्थना करा” म्हणतात आणि डोळे पुसतात. त्यातलं काहीही वहीत उतरवायचं नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. ते देवासमोर सांगितलेलं असतं. आपल्या मंडळीत नसलेलं पद त्याला दे, गाव बदल, धंदा बदल. पंचाऐवजी गायनमंडळाचा पेटीवादक केलास तरी आवाजाची गोष्ट राहते.

आणि आधी सगुणाची प्रकरणं वाच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बाईत आजची कुणी स्वतःला ओळखून घाबरणार नाही. बायका बोलायला लागल्या की रूथ त्यांच्या हातात दे, पण छापून, घरी एकटीनं वाचायला. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकू नकोस. घरात मोबाईल कोण कोण बघतं ते आपल्याला माहीत आहे.

---

पंचगंगाकाठ

वकीलसाहेब, ‘सगुणा कुणाचीच पणजी लागत नाही’ हे वाचलं आणि वही घेऊन बसले. रूथच्या सासरी दर नाताळाला एक साक्ष सांगतात, “आमच्या पणजोबांनी प्रभूसाठी बायकोसुद्धा सोडली.” सगळे आमेन म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून रूथ ते ऐकतेय. पूर ओसरल्यावर, पंचनाम्याच्या दिवशी, तिच्या मनात पहिल्यांदा येतं, ती बाई कोण होती? नाव काय तिचं? तिच्याबद्दल विचारायचं म्हटलं तर घरात कुणाला माहीतही नाही. त्यामुळे सगुणाची प्रकरणं रूथला कधीच वाचायला मिळणार नाहीत. ती फक्त वाचकाला मिळतील. सांधा हाच. सासूचंही कळलं, तिचं लग्न १९७० च्या दशकातलं. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे ती हट्टानं म्हणते असं मी समजत होते. कायद्यातच नव्हतं तिला.

राजारामपुरी_वाचक, सगुणाचं कारण मला सापडलंय असं वाटतं. तिचा राग असा की नवऱ्यानं तिला आधी विचारलं नाही. मिरजेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला बाजारात कळलं. जज्जानं “याच्या धर्मामुळे नाही म्हणतेस का?” विचारल्यावर ती काय म्हणेल, याचा विचार करतेय, कारण खरं उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. तिनं खरं सांगितलं तर खटलाच अडतो.

पाळकीणबाई, मोठ्या आईसारखं लिहिलंत. प्रार्थना-विनंतीचं मी पाळीन. एका गोष्टीवर मात्र मन तयार होत नाही. पंच बदलून पेटीवादक केला तर रूथची एक अडचण नाहीशी होते. तिनं तक्रार न्यायची तर ती ज्या लोकांपुढे न्यायची, त्यांतच तो बसलेला आहे. ते मला ठेवावंसं वाटतं. गाव बदलते, धंदा बदलते, पण त्याची खुर्ची ठेवते.

---

बावड्याचा वकील

खुर्ची ठेवा. आणि सगुणानं जज्जाला खरंच सांगू दे. धर्माच्या कारणानं नकार असेल तरच तो कायदा लागतो. ती म्हणाली की “मला विचारलं नाही म्हणून”, तर जज्जाला खटला पुढे नेणं अवघड होईल, आणि नवऱ्याचा वकील तिच्या तोंडून ‘धर्म’ हा शब्द वदवून घ्यायला बघेल. तो उलटतपास लिहा. लिहिलात की इथं टाका, कायद्याच्या बाजूनं तपासून देतो.

---

पाळकीणबाई

बरं, पंच राहू दे. मग रूथ ज्याच्याकडे तक्रार घेऊन जाईल असा एक तरी भला पंच त्या सभेत ठेव. असतात गं ते.